नवा दात येईपर्यंत

लहान मुलाच्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल करायला सांगितलंय, असं ओळखीत कुणी म्हणालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "पडणाराच दात तो, त्याला कशाला एवढं?" हेच वाक्य साठच्या दशकात, पनवेलला, आमच्या घरात माझ्या दाढेबद्दल बोललं गेलं. रूट कॅनाल हा शब्द तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता. उपचार मात्र तोच झाला आणि तो यशस्वी झाला. हे आधीच सांगते, म्हणजे ज्यांचं मूल आता त्या खुर्चीत बसणार आहे त्यांनी पुढचं वाचताना घाबरू नये. आमच्याकडे जे बिघडलं ते दाढेच्या बाहेर बिघडलं.

मी तेव्हा सहा वर्षांची होते. मला स्वतःला आठवतं ते आणि नंतर आईवडिलांकडून कळलं ते, अशी सरमिसळ होऊ नये म्हणून जिथे ऐकीव आहे तिथे तसं लिहिते. वर्तमानपत्राच्या कचेरीत बरीच वर्षं काढल्यावर ही सवय जात नाही.

मशेरी

वडिलांचा खाडीकाठच्या मिठागरात वाटा होता. घरात आई, वडील, मी आणि आत्या. आत्या वडिलांपेक्षा मोठी, आपटा गावात दिलेली, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. तिला मूलबाळ नव्हतं. आई-वडील दोघंही तिला आक्का म्हणत. मिठाच्या हंगामात ती इतर बायांबरोबर डोक्यावर पाट्या वाहायची, आणि घरातली दुखणीखुपणी बघायचं काम वर्षभर तिचंच असायचं. आई परळला गिरणी कामगारांच्या चाळीत वाढलेली. तिला या औषधांबद्दल शंका असायची, पण सून म्हणून ती बोलायची नाही.

खालच्या डाव्या बाजूची माझी शेवटची दाढ पोखरली होती. दुखू लागली की आत्या भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मशेरी, चिमूटभर त्या खळग्यात दाबायची. तोंडाला पाणी सुटायचं, डोकं हलकं व्हायचं, दाढ बधिर व्हायची. आमच्याकडे बाया रोज सकाळी त्याच मशेरीनं दात घासत. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग एक दिवस दाढ दुखायची थांबली. आत्या म्हणाली, "मेला किडा." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. किडलेली दाढ आपोआप दुखायची थांबली, तर ती बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते.

शेक

होळीनंतर, आगरात मीठ काढायचं काम ऐन भरात असताना, माझा गाल सुजला. आत्यानं आमच्याच आगरातलं जाडं मीठ तव्यावर तापवलं, फडक्यात बांधलं आणि जबड्यावर शेकायला घेतलं. सकाळी एकदा, आगरातून आल्यावर एकदा. मीठ ऊब धरून ठेवतं. पाठदुखी, कानदुखी, पोटदुखी, सगळ्यावर आमच्या गावांत हाच उपाय होता, आणि पुष्कळदा गुण यायचा.

मला तो शेक आवडायचा. आत्याच्या मांडीवर डोकं, गालावर गरम पुरचुंडी, आणि तिच्या अंगाला येणारा खाडीचा वास.

सूज मऊ झाली, तांबूस झाली आणि जबड्याच्या खालच्या कडेला बाहेरून फुटली. पू गेला, ठणका गेला. शेजारची काकी बघायला आली नि म्हणाली, "आक्काच्या हाताला गुन हाय." आत्यानं पदर सारखा केला.

भोक मात्र भरेना. खपली धरायची, चार दिवसांनी ओली व्हायची. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी सरकून बसू लागली. आई रोज स्वच्छ फडकं बांधायची, मी ते वाटेत सोडून दप्तरात टाकायची.

गालाचं नाही

बाजारातल्या डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. भोक मिटलं. इंजेक्शनं थांबली, पुन्हा उघडलं. असं दोनदा झाल्यावर त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि तोंड उघडायला सांगितलं. तोपर्यंत सगळ्यांनी गाल बाहेरूनच पाहिला होता.

"ही दाढ दुखते का गं?"

मी मान हलवली. नाही.

"हरिभाऊ," ते वडिलांना म्हणाले, "हे गालाचं नाही. दाताचं आहे."

"डॉक्टर, दात तर कवाचा दुखायचा थांबला."

"म्हणूनच."

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. दाढ उपटायची, किंवा मुंबईच्या दाताच्या इस्पितळात दाखवायचं.

"मग उपटाच," वडील म्हणाले. "पडणारीच हाय."

आई सहसा पुरुषांच्या बोलण्यात मध्ये पडत नसे. ती म्हणाली, "मुंबईला दाखवू. परळला माझा भाऊ आहे, उतरायची सोय होईल."

घरी आल्यावर आत्याला हे सांगितलं तेव्हा ती हसली. "गालाला भोक नि दवा दाताला? उद्या पायाला काटा लागला तर टोपीला मलम लावा."

वडीलही हसले. आई हसली नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही एस.टी.नं मुंबईला गेलो.

खुर्ची

इस्पितळाचं मला आठवतं ते असं: उंच छत, एका रांगेत लोखंडी खुर्च्या, खुर्चीला जोडलेल्या वाटीत गोल फिरणारं पाणी, दोरीवर घरघरणारं दात कोरायचं यंत्र आणि सगळीकडे लवंगेचा वास. तो वास घरचा होता, म्हणून मी रडायची थांबले, असं आई सांगायची.

मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या. त्यांच्याभोवती शिकणारी मुलं उभी होती. त्यांनी माझ्या जबड्यावरचं भोक पाहिलं, दाढ पाहिली आणि मागे वळून विचारलं,

"बाहेरून शेक कुणी दिला?"

वडील म्हणाले, "घरीच दिला."

आई म्हणाली, "नणंदेनं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गरम शेकामुळे पुवानं बाहेरची वाट धरली. नाहीतर तो बहुतेक तोंडात फुटला असता आणि गालाला डाग राहिला नसता. पण शेक हे काही दुखण्याचं कारण नाही. वर्षभर दाढ कुजत होती, तेव्हा कुणी पाहिलं नाही, हे कारण."

शेकाबद्दलची ही दोन्ही वाक्यं वडिलांनी मला पुढे सांगितली. दोन्ही आईनंही ऐकली होती.

उपटून टाका, असं वडिलांनी तिथेही सुचवलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आरसा धरून माझं तोंड दाखवलं. दुधाच्या दाढेलाही मुळं असतात, तिच्याखाली नवा दात तयार होत असतो, आणि तो वर येईपर्यंत ही दाढ त्याची जागा राखते. आताच काढली, तर तिच्यामागून येणारी मोठी दाढ पुढे सरकेल आणि नव्या दाताला जागा उरणार नाही.

वडिलांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, "बांधासारखं. एक खांड पडली की खाडी आत येते."

"तसंच," त्या म्हणाल्या.

उपचार एका दिवसात झाला नाही. दर खेपेला केसासारख्या बारीक सुया मुळांत घालून आतली घाण काढायची, औषधाचा बोळा ठेवायचा, वरून तात्पुरतं बुजवायचं आणि आम्हाला परत पाठवायचं. मेलेल्या नसेला दुखत नाही, हे खरं आहे. भीती मात्र वाटते. यंत्र सुरू झालं की माझे पाय आपोआप वर यायचे. डॉक्टरीणबाईंनी मला धरायला एक छोटा आरसा दिला. "मी चुकले तर सांग," त्या म्हणाल्या. मी तो आरसा इतका घट्ट धरायची की बोटांवर वळ उठायचे. त्या खेपांमधलं चांगलं म्हणून मला हे आणि परतीच्या एस.टी.तलं केळं आठवतं. मला लगेच खायची मनाई असायची. माझी वेळ होईपर्यंत वडील स्वतःही काही खात नसत.

तिसऱ्या की चौथ्या खेपेनंतर गालाचं भोक कोरडं पडलं. ते पुन्हा उघडलं नाही.

आत्याचे हात

पहिल्या खेपेहून परतल्यावर आईनं आत्याला सांगितलं, "डॉक्टरीणबाईंनी पहिलं काय विचारलं, ठाऊक आहे? शेक कुणी दिला म्हणून. त्या शेकानंच गालाला भोक पडलं."

शेक हे दुखण्याचं कारण नाही, हे दुसरं वाक्य आईनं सांगितलं नाही. वडील आगराकडे गेले होते.

त्यानंतर आत्यानं मला हात लावणं सोडलं. वेणी घालायला मी तिच्यापुढे बसले की ती म्हणायची, "आयेकडं जा." एकदा माझा कान दुखला. मी स्वतःहून मीठ तापव म्हणाले, तर तिनं हात पाठीमागे नेले. "मला नको सांगूस बाय. माझ्या हातान नाय बरं होत." ती आधी आमच्या घरात मोठ्यानं बोलणारी बाई होती. आता ती जेवण वाढून दाराशी जाऊन बसायची. घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

नवस

शेवटच्या खेपेला दाढेत कायमचं औषध भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता नवा दात येईपर्यंत ही सांभाळायची."

"कधी येईल?" वडिलांनी विचारलं.

"अकराव्या-बाराव्या वर्षी."

घरी पोचलो तेव्हा मिठाच्या गाड्या भरायच्या खोळंबल्या होत्या. वडिलांनी दारातूनच सांगितलं, "झालं आक्का. आता नवा दात येईपर्यंत ही सांभाळायची, बस." आणि ते तसेच निघून गेले.

यापुढचा प्रसंग मला ठाऊक नव्हता. आत्या गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आईनं तो सांगितला. आत्या चुलीपाशी येऊन तिला म्हणाली, "कवा येल गो नवा दात?"

आईला उत्तर ठाऊक होतं. ती म्हणाली, "येईल की. पोरींचे येतात तसा."

माझे पुढचे दोन दात तेव्हा नुकतेच पडले होते आणि एकाचं टोक दिसूही लागलं होतं. आत्यानं त्यावरून अंदाज बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावदेवीच्या देवळात जाऊन आली. कपाळाला कुंकवाचं बोट होतं. ती आईला म्हणाली, "माझ्या जेवनात मीठ घालू नको. पोरीचा नवा दात येईल तवर मी अलनी खानार. देवीला बोलले."

वडील संध्याकाळी आले तेव्हा त्यांना कळलं.

"आक्का, बोलायच्या आधी इचारायचंस तरी!"

"इचारायचं काय त्याच्यात? चार म्हयनं काय नि पाच म्हयनं काय."

"चार म्हयनं नाय गो. बारावं लागंल तिला, तवा येनार हाय तो."

आत्या धुतलेलं भांडं पुसत होती. तिनं पुसणं थांबवलं आणि आईकडे बघितलं. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. मग आत्या म्हणाली, "बोलले ते बोलले."

वडिलांनी तिला खूप समजावलं. पुजाऱ्याला सांगू, देवीला कौल लावू, दुसरं काहीतरी सोड, मशेरी सोड. तिचं उत्तर एकच होतं. "देवीबरूबर सौदा करू नको हरी. पोरीचा दात हाय."

अळणी

मिठागरात राबणाऱ्या बाईनं अळणी जेवणं म्हणजे काय, हे लिहून सांगणं कठीण आहे. पावसाळाभर आमच्याकडे सुकटीवर भागायचं. खारवलेलं म्हणून तेही तिला बंद झालं. लग्नाच्या पंगतीत ती बसायची नाही. ताजी मासळी ती नुसत्या हळदीत शिजवून खायची. आगरातल्या बाया तिला चिडवायच्या, "आक्का, मिठाच्या राशीवर बसून मिठाचा उपास काय गो?" ती म्हणायची, "अंगाला लागलंय तेवढं पुरतंय. रोज खरवडून काढते."

उन्हात दिवसभर घाम जायचा आणि त्या जागी काही यायचं नाही. तिच्या पायांत गोळे येऊ लागले. दुसऱ्या उन्हाळ्यात ती पाटी घेऊन बांधावर पडली. बाजारातले डॉक्टर तिला ओरडले, "बाई, मीठ खा. औषध म्हणून खा." ती त्यांना नमस्कार करून घरी आली. त्यानंतर वडिलांनी तिला आगरात जाऊ दिलं नाही. तेही तिचं गेलं.

माझा पुढचा दात पुरता आला तेव्हा मी धावत तिच्याकडे गेले. "आत्ये, बघ, नवा दात आला!" तिनं माझी हनुवटी वर केली. इतक्या दिवसांनी तिनं मला हात लावला होता. मग ती म्हणाली, "हा नाय बाय. तो."

ती हसली होती. मला तिनं जवळ घेतलं. तेव्हापासून वेणी पुन्हा तीच घालू लागली.

मी नऊ वर्षांची असताना त्या दाढेखालची हिरडी एकदा फुगली. आई-वडिलांनी मला लगेच मुंबईला नेलं. एस.टी.त आई वडिलांना हळू आवाजात म्हणाली ते मी ऐकलं, "ही दाढ गेली आणि खालचा दात आलाच नाही, तर? आक्कांनी काय जन्मभर अळणी खायचं?" मला मशेरी, शेक, गालाचा डाग यांपेक्षा त्या प्रवासाची भीती जास्त आठवते. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की माझ्या तोंडात माझ्या एकटीचा दात नाही. डॉक्टरीणबाईंनी दाढ पुन्हा उघडली, साफ केली, भरली. ती टिकली.

आई या काळात बदलली. कशी, कधी, हे मला सांगता येणार नाही. आत्याचं कालवण ती आधी पातळ हळदपाणी करून बाजूला ठेवायची. पुढे ती त्यात कोकम जास्त घालू लागली, कोथिंबीर वाटून घालू लागली, मिठावाचून चव कशी येईल ते शोधू लागली. वाढताना विचारायची, "आक्का, आज जमलंय का?"

"जमलंय गो."

आणखी काही बोलणं त्या दोघींत झाल्याचं मी ऐकलं नाही.

दात

मला बारावं लागलं होतं तेव्हा ती दाढ हलू लागली आणि एका सकाळी भाकरी खाताना आपोआप पडली. उपचार केलेली दुधाची दाढ अशी आपल्या वेळेला पडावी, हीच अपेक्षा असते. काही आठवड्यांनी तिच्या जागी नवा दात वर आला. तो रांगेत होता, सरळ होता. रंगानं मात्र पिवळट-तपकिरी आणि वरून खडबडीत होता. दुधाच्या दाढेचा पू खालच्या कोवळ्या दाताला लागला की असं होतं, हे मला नंतर कळलं. तो दात आजही माझ्या तोंडात आहे.

आत्यानं हात धुतले आणि बोट घालून दात चाचपला. "आला," ती म्हणाली. मग उजेडाकडे वळवून पाहिलं. "असा कसा गो ह्यो? करपल्यागत?"

आई म्हणाली, "नवा असाच असतो आक्का. होईल पांढरा."

आत्या देवीला नारळ फोडून आली. वडिलांनी खाडीवरून जिताडा मासा आणला. आईनं त्याचं कालवण केलं आणि त्या दिवशी सगळ्यांचं एकाच भांड्यात केलं. पहिलं ताट आत्याला वाढलं. आम्ही तिघं समोर बसलो होतो. आत्यानं भात कालवला, घास घेतला आणि तो तोंडात तसाच धरून ठेवला. मग महत्प्रयासानं गिळला.

"लय खारट झालंय गो," ती म्हणाली.

वडिलांनी बोट बुडवून चाखलं. "नाय आक्का. बेताचंच हाय."

"असंल." तिनं आणखी एक घास घेऊन पाहिला. तिचे डोळे पाणावले, ते मिठामुळे असावेत. तिनं ताट हळूच पुढे सरकवलं. "माझ्याच तोंडाला लागंना. मला तो कोरा भात दे जरासा. नि ताक."

आईनं भात वाढला. वडील आणि मी जेवलो. आई त्या दुपारी जेवली नाही.

वडिलांना वाटलं, चार दिवसांत सवय होईल. आईनं रोज चिमूट चिमूट वाढवून पाहिलं. झाली नाही. पुढे आत्या होती तोवर आई कालवणात मीठ घालण्याआधी तिचा वाटा वेगळा काढत राहिली. "कवा येल नवा दात" असं चुलीपाशी विचारलं तेव्हा आईला उत्तर ठाऊक होतं, हे आत्याला तिनं कधी सांगितलं नाही. मला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एका वाक्याचं काम होतं."